डझनाचा भाव कधी लागतो, कधी नाही: बिलिंगमधल्या नगावार दराची दुरुस्ती

जूनच्या सुरुवातीला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. शाळा उघडायच्या आत वह्या हव्या असतात, पालकांच्या हातात याद्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत वह्यांच्या दुकानांतून एक तक्रार हमखास येते: "डझनाचा भाव टाकून ठेवलाय, पण बिलात कधी लागतो, कधी लागत नाही." दिवाळीच्या तोंडावर तीच तक्रार रविवार पेठेतून येते, लग्नसराईत लक्ष्मी रोडवरून. सॉफ्टवेअर निरनिराळी असतात, माल निराळा असतो, दुखणं मात्र एकच.

हे दुखणं दरवर्षी परत येतं, कारण दरवेळी त्या एका बिलापुरतीच मलमपट्टी होते. रांग लागलेली असते, काउंटरवरचा मुलगा हाताने रेट बदलतो, गिऱ्हाईक निघून जातं. संध्याकाळी कोणालाच आठवत नाही की नेमकं काय झालं होतं. त्या मुलाची मात्र दोन्हीकडून ओढाताण होते. गिऱ्हाईक म्हणतं, "बोर्डावर चाळीस लिहिलंय, पंचेचाळीस कसे लावले?" आणि रात्री हिशेब जुळला नाही की मालक म्हणतो, "रेट कोणी बदलला?" बोर्डावर लिहिलेला भाव बिलात यायलाच हवा. तो दुकानाचा शब्द असतो, म्हणून हे काम एकदा नीट बसून करण्यासारखं आहे.

सेटिंग उघडण्याआधी एक प्रश्न मालकाला विचारायचा. समजा, दोनशे पानी वही सुटी 45 रुपयांना आहे आणि डझनाने घेतली तर 40 रुपयांना. गिऱ्हाइकाने 15 वह्या घेतल्या, तर किती घेणार?

एका दुकानात हा प्रश्न गल्ल्यावर बसलेल्या काकांना विचारला. "सहाशे पंधरा," काका लगेच म्हणाले. मागे संगणकावर बसलेला त्यांचा मुलगा वळला. "बाबा, सहाशे ना? बाराच्या वर गेलं की सगळ्या चाळीसने." काका म्हणाले, "छे, डझन चाळीसने, वरच्या तीन सुट्या." दोघं रोज एकाच दुकानात बसतात, पण हा प्रश्न त्यांच्यात कधी निघालाच नव्हता. सॉफ्टवेअर मुलाच्या समजुतीप्रमाणे बिल काढत होतं आणि काका त्याला चूक म्हणत होते.

या भावाचे तीन प्रकार होतात आणि तिन्ही बरोबर आहेत, फक्त आपल्याला कोणता हवा ते ठरलेलं हवं. पहिला प्रकार: बारा किंवा जास्त घेतल्या की सगळ्याच नगांना 40, म्हणजे पंधरा वह्यांचे 600. दुसरा: पूर्ण डझनालाच डझनाचा भाव, उरलेले नग सुटे, म्हणजे 480 आणि 135 मिळून 615. तिसरा प्रकार विजेच्या बिलासारखा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांना एक दर, पुढच्या 101 ते 300 ला दुसरा, आणि पुढच्या टप्प्यात गेलात तरी मागच्या युनिटांचा दर बदलत नाही. तसं केलं तर पहिल्या अकरा वह्या 45 ने आणि बारावीपासून पुढच्या 40 ने, म्हणजे 495 अधिक 160, एकूण 655. किरकोळ दुकानात तिसरा प्रकार सहसा कोणी वापरत नाही. गिऱ्हाइकाला तो समजावून सांगता येत नाही आणि डझन घेऊनही डझनाचा भाव मिळत नाही.

आता अडचण अशी की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'क्वांटिटी स्लॅब' किंवा 'प्राइस लिस्ट' या नावाखाली जे असतं ते पहिल्या प्रकारचं असतं. दुसरा प्रकार हवा असेल तर तो तिथे शोधून सापडत नाही. तो 'स्कीम', 'ऑफर' किंवा 'कॉम्बो' अशा वेगळ्या ठिकाणी करावा लागतो: 12 नगांचा संच 480 रुपयांना, आणि बिलात जितके पूर्ण संच बसतील तितक्यांना तो लागू. काकांच्या दुकानात सॉफ्टवेअरमध्ये बिघाड काहीच नव्हता. भाव चुकीच्या खान्यात टाकला होता. हे आधी ठरवलं नाही तर पुढची सगळी तपासणी वाया जाते, म्हणून यावर मी इतका जोर देतो.

पहिला प्रकार निवडलात तर एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. 11 वह्यांचे 495 होतात आणि 12 वह्यांचे 480. म्हणजे अकरा घेणारा बारा घेणाऱ्यापेक्षा पंधरा रुपये जास्त देतो आणि एक वही कमी नेतो. भावातला फरक मोठा ठेवला तर ही दरी आणखी रुंदावते. डझनाला 35 केले तर बारा वह्या 420 ला पडतात, आणि दहा घेणाराही 450 देऊन फसल्यासारखा होतो. अशा वेळी काउंटरवरून "आणखी एक घ्या, स्वस्त पडेल" असं सांगितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये टप्प्याच्या जवळ आल्यावर पडद्यावर सूचना दाखवायची सोय असते. असेल तर ती चालू करा. नसेल तर काउंटरच्या काचेला आतून एक चिठ्ठी लावली तरी भागतं.

प्रकार ठरला आणि तरीही भाव लागत नसेल, तर चुकलेलं बिल हातात घ्या. आठवणीवर विसंबून सेटिंग बदलत बसू नका. बिलच सांगतं कुठे गडबड आहे.

सगळ्यात आधी बघा, तो आयटम बिलात किती ओळींवर आला आहे. निम्म्याहून जास्त तक्रारींचं उत्तर मला इथेच मिळालेलं आहे. बारा वह्या एकेक करून स्कॅन केल्या आणि बिलात एकेक नगाच्या बारा ओळी पडल्या, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने डझन झालेलाच नसतो. प्रत्येक ओळीत एक नग, प्रत्येक ओळीला 45. तोच मुलगा दुसऱ्या वेळी आधी 12 टाकतो, मग बारकोड मारतो, आणि भाव बरोबर लागतो. "कधी लागतो, कधी नाही" ही तक्रार इथूनच जन्माला येते. त्यावर उपाय म्हणजे एकच आयटम परत स्कॅन झाला की आधीच्या ओळीत नग वाढवण्याचं सेटिंग चालू करणं. त्याचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, 'मर्ज सेम आयटम' किंवा तसंच काहीतरी, आणि ते बहुधा आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ नोंदीत, नसून काउंटरच्या किंवा बिलाच्या सेटिंगमध्ये असतं.

ते चालू करून थांबू नका, लगेच एक चाचणी घ्या. तीच वही बारा वेळा स्कॅन करा आणि बाराव्या स्कॅनला पडद्याकडे बघा. अकरापर्यंत 45 दिसायला हवेत आणि बाराव्याला पूर्ण ओळीचा दर 40 वर यायला हवा. काही सॉफ्टवेअर ओळ पहिल्यांदा उघडते तेव्हाच दर उचलतात आणि नग वाढले तरी तो परत बघत नाहीत. तिथे 'नग बदलल्यावर दर पुन्हा काढा' अशा अर्थाचा पर्याय शोधावा लागतो. मग उलटी चाचणी: बारा झाल्यावर एक नग कमी करा. दर परत 45 झाला पाहिजे. हा भाग कोणी तपासत नाही, आणि गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी "एक राहू द्या" म्हणालं की अकरा वह्या डझनाच्या भावाने जातात.

ओळी एकत्र येत असूनही एकाच वहीच्या दोन ओळी दिसल्या, तर त्या दोन ओळींवरची एमआरपी वाचा. जुन्या मालावर एक एमआरपी, नव्या मालावर दुसरी, दोन्हींचा बारकोड तोच. सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळ्या बॅच धरतं आणि ते योग्यही आहे, कारण छापील एमआरपीपेक्षा जास्त भावाने वस्तू विकता येत नाही. पण मग जुन्यातल्या सात आणि नव्यातल्या पाच घेतल्या तर गिऱ्हाइकाच्या पिशवीत डझन असतो आणि बिलात सात अधिक पाच. यासाठी नगांची मोजणी बॅचवर न करता आयटमवर करण्याचा पर्याय असतो का ते पाहा. नसेल, तर सीझनच्या आधी जुना माल वेगळ्या फळीवर लावून वेगळ्या भावात काढून टाकणं सोपं.

याचाच भाऊबंद प्रकार म्हणजे मिश्र डझन. हा वह्यांच्या दुकानात टाळताच येत नाही. पाचवीतल्या मुलाच्या यादीत चार एकरेघी, दोन दुरेघी, दोन चाररेघी, तीन चौकटी आणि एक कोरी असते. कंपनी एक, पानं सारखी, भाव सारखा, एकूण बारा. पालकांच्या मते हा डझन आहे आणि दुकानदारही एरवी तो डझनच धरतो. पण प्रत्येक वहीचा बारकोड वेगळा, आयटम वेगळा, म्हणून सॉफ्टवेअरला पाच ठिकाणी थोडे थोडे नग दिसतात. इथे भाव आयटमवर लावून चालतच नाही, तो गटावर लावायचा. 'दोनशे पानी वही, अमुक कंपनी' असा एक गट करायचा, पाचही वह्या त्यात घालायच्या आणि नियम लिहायचा की गटातले नग मिळून बारा झाले की 40. ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: प्राइसिंग रूलमध्ये, म्हणजे भावाच्या नियमात, 'मिक्स्ड कंडिशन्स' नावाची खूण असते. ती केली की निवडलेल्या सगळ्या आयटमचे नग एकत्र धरले जातात, आणि ती राहून गेली तर नियम प्रत्येक आयटमला स्वतंत्रपणे तपासतो. गट करताना हात आखडता घ्या, म्हणजे शंभर पानी आणि दोनशे पानी एकाच गटात टाकू नका, नाहीतर स्वस्त वह्यांनी डझन भरून महाग वहीला सूट मिळते.

आता एकक. डझन, ग्रोस, पेटी, बॉक्स या शब्दांनी जितका गोंधळ होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही. भावाच्या तक्त्यात '12 पासून 40 रुपये' लिहिलेलं असतं, पण कशाचे 12, ते सॉफ्टवेअर आयटमच्या मूळ एककावरून ठरवतं. मूळ एकक 'डझन' ठेवलं असेल तर 12 म्हणजे 144 नग होतात, म्हणजे एक अख्खा ग्रोस. मग एका डझनाला भाव लागणारच नाही. सरळ नियम असा ठेवा: मूळ एकक नेहमी सगळ्यात लहान, म्हणजे 'नग'. डझन, बॉक्स वगैरे त्याचे जोड एकक, आणि प्रत्येकाचं गुणोत्तर लिहिलेलं. बिल डझनात काढलं तरी तपासणी नगांत व्हायला हवी. तीसुद्धा चाचणी घेऊन बघा: 1 डझन आणि 12 नग, दोन्ही बिलांची रक्कम पैशाला पैसा सारखी आली पाहिजे.

कंपनीच्या बांधलेल्या गठ्ठ्यावर स्वतंत्र बारकोड असतो, त्यासाठी पुष्कळ दुकानांत वेगळा आयटम उघडलेला असतो. 'वही 200 पानी' आणि 'वही 200 पानी 12 चा गठ्ठा'. भावाची अडचण तात्पुरती सुटते, पण साठ्याचा बट्ट्याबोळ होतो. गठ्ठा सोडून सुट्या वह्या फळीवर लागतात, सुट्या विकल्या जातात, साठ्यात सुट्या उणे दिसतात आणि गठ्ठे मात्र नसलेले उरलेले दिसतात. मार्च अखेरीस मोजणीला बसलं की दोन दिवस डोकं धरून बसावं लागतं. गठ्ठ्याचा बारकोड त्याच आयटमला दुसरा बारकोड म्हणून जोडा, एकक 'गठ्ठा', गुणोत्तर 12. गठ्ठा स्कॅन केला की साठ्यातून बारा नग जातील आणि भावही आपोआप डझनाचा लागेल.

किराणा, धान्य, सुकामेवा विकणाऱ्यांचं दुखणं थोडं निराळं आहे. मार्केट यार्डातून कट्टा आणून सुटा तांदूळ विकणाऱ्याने तक्ता असा केलेला असतो: 1 ते 9 किलो एक भाव, 10 ते 24 दुसरा, 25 पासून तिसरा. कागदावर छान दिसतो. गिऱ्हाइकाने साडेनऊ किलो तांदूळ मागितला की तो 9 च्या वर आणि 10 च्या खाली पडतो आणि कुठल्याच टप्प्यात बसत नाही. काही सॉफ्टवेअर मग मूळ दर लावतात, काही एमआरपी उचलतात, काही शून्य दाखवतात. पाव किलो, अर्धा किलो यांचंही तेच, कारण तक्ता 1 पासून सुरू होतो. वजनी मालात टप्पा नेहमी 'इतक्यापासून' आणि 'इतक्यापेक्षा कमी' असा लिहा: 0 पासून 10 पेक्षा कमी, 10 पासून 25 पेक्षा कमी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या प्राइस लिस्टमध्ये रकान्यांची नावंच 'फ्रॉम' आणि 'लेस दॅन' अशी आहेत. तिथे 'लेस दॅन' खाली 9 लिहिलं तर बरोबर 9 किलोसुद्धा त्या टप्प्यात धरले जात नाहीत, हे ध्यानात असू द्या.

वजनी मालाची दुसरी मेख काट्यात असते. काट्यातून निघणाऱ्या लेबलवरचा तेरा आकडी बारकोड बहुधा 2 ने सुरू होतो. 2 ने सुरू होणारे हे आकडे दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. त्या बारकोडात आयटमचा क्रमांक आणि त्याच्यापुढे वजन किंवा रक्कम, यांपैकी एक गोष्ट भरलेली असते. रक्कम भरलेली असेल तर भाव काट्यातच ठरून आलेला असतो, आणि काट्याला तुमचे टप्पे ठाऊक नसतात. काउंटरवर कितीही सेटिंग बदललं तरी फरक पडणार नाही. काट्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बारकोडात वजन छापायला लावा आणि बिलिंगमध्येही तो बारकोड 'वजनाचा' म्हणून नोंदवा, म्हणजे दर बिलिंगवर ठरेल. दोन्ही जागी एकाच वेळी बदल करा. एकीकडे वजन आणि दुसरीकडे रक्कम राहिली तर दोन किलोच्या काजूचं बिल काहीच्या काही निघेल. लेबलवर छापलेली रक्कम मग बिलापेक्षा वेगळी दिसू शकते, म्हणून लेबलवरून रक्कम काढून नुसतं वजन ठेवलेलं बरं.

ओळ, एकक, टप्पा हे सगळं ठीक असेल तर तारीख आणि पार्टी बघा. भावाच्या तक्त्याला 'कधीपासून लागू' अशी तारीख असते. नवा तक्ता 15 जूनपासून लागू केला आणि बिल 14 ला निघालं तर जुना भाव येणारच. टॅलीमध्ये आणखी एक पायरी आहे: बिलावर कोणती प्राइस लेव्हल, म्हणजे घाऊक, किरकोळ अशी भावाची कोणती श्रेणी निवडली आहे. नेहमीच्या घाऊक पार्टीच्या लेजरला, म्हणजे खात्याला, ती जोडलेली असते म्हणून तिथे भाव आपोआप येतो. रोखीच्या गिऱ्हाइकाच्या 'कॅश' लेजरला ती जोडलेलीच नसते. मग मालक म्हणतो, "शाळांना बरोबर लागतो, काउंटरवर लागत नाही." रोखीच्या बिलावर किरकोळीची लेव्हल निवडली की झालं.

वह्यांच्या बाबतीत अलीकडे एक विचित्र तक्रार आली: डझनाचा भाव सुट्यापेक्षा जास्त लागतो. कारण कर. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. त्याआधी वह्यांवर 12 टक्के होता. 50 रुपये मूळ किमतीची वही करासकट 56 ला जायची आणि डझनाला 52 असा भाव होता. कर गेल्यावर आयटम मास्टरमधला सुटा भाव 50 केला, टप्प्यांचा तक्ता मात्र कोणी उघडला नाही, तिथे 52 तसेच राहिले. ज्यांनी सप्टेंबरात घाईघाईत सुटे भाव बदलले त्यांनी टप्प्यांचे तक्ते एकदा उघडून बघावेत. गिऱ्हाइकाला करकपातीचा फायदा सुट्या वहीवर मिळतो आणि डझनावर मिळत नाही, हे कसंही पाहिलं तरी योग्य नाही.

कर ज्या वस्तूंवर आहे तिथे टप्प्याचा भाव करासकट आहे की कर सोडून, हे प्रत्येक ओळीला तपासा. एक वस्तू घ्या, एमआरपी 118, कर 18 टक्के. सुटा भाव करासकट 118 नोंदवलेला. सहा नगांना 110 द्यायचे ठरले, पण टप्प्याचा तक्ता 'कर वेगळा' असा धरला गेला. मग 110 वर 19 रुपये 80 पैसे कर चढतो आणि बिलात 129 रुपये 80 पैसे येतात. सूट द्यायला गेलो आणि एमआरपीच्या वर विकलं. हा नुसता हिशेबाचा घोळ राहत नाही, कायद्याच्या विरुद्ध जातं. आयटम मास्टर आणि भावाचा तक्ता, दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा. किरकोळ दुकानाने सगळीकडे 'करासकट' ठेवावं, कारण गिऱ्हाईक त्याच आकड्यात बोलतं.

तयार कपडेवाल्यांना इथे एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून नगाची विक्री किंमत 2500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्याच्यावर 18 टक्के. कर सोडून 2600 चा कुर्ता एक घेतला तर 18 टक्के धरून 3068 होतात. तीन घेतले आणि नगाला 2450 लावले तर कर 5 टक्के, म्हणजे नगाला 2572 रुपये 50 पैसे. म्हणून आयटमला कराचा एकच टक्का चिकटवून ठेवू नका. दरानुसार कर बदलण्याची सोय चालू करा, आणि कर ठरवताना सूट वजा झाल्यावरचा भाव धरला जातो आहे ना, ते एक बिल काढून पाहा. सूट बिलातच दिसली पाहिजे, कारण विक्रीच्या वेळी बिलात दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. बिलाच्या तळाशी एकगठ्ठा सूट टाकली तर ती प्रत्येक ओळीवर वाटली जायला हवी.

बाकीच्या दोन गोष्टी पटकन सांगतो. काउंटरवर हाताने दर टाकला की पुष्कळ सॉफ्टवेअर ती ओळ कुलूपबंद करतात, मग नग कितीही वाढले तरी दर हलत नाही. दर बदलण्याची मुभा फक्त मालकाच्या लॉगिनला ठेवा. आणि एका काउंटरवर भाव लागतो, दुसऱ्यावर नाही, असं असेल तर दुसऱ्या संगणकावर नवा तक्ता पोचलेलाच नसतो. तो काउंटर इंटरनेटशिवाय चालत असेल तर सकाळी दुकान उघडल्यावर माहिती खेचून घेण्याची सवय लावा.

एकाच आयटमला दोन नियम लागू होत असतील, म्हणजे डझनाचा भाव आणि शिवाय 'शाळा सुरू' ची 10 टक्के सूट, तर कोणता आधी आणि दुसरा त्याच्यावर चढतो की नाही, हे लिहून ठरवा. 40 वर 10 टक्के म्हणजे 36. हे परवडतं का, ते मालकाने सांगायचं, सॉफ्टवेअरवर सोडायचं नाही. नियमांना प्राधान्यक्रम देण्याचा रकाना असतो, तो बहुतेक ठिकाणी रिकामा राहिलेला दिसतो.

हे सगळं झालं की सीझनच्या आधी एका दुपारी चाचणीची बिलं काढा. 1, 11, 12, 13, 15 आणि 24 नग, मग मिश्र डझन, मग एक गठ्ठा आणि तीन सुट्या. अपेक्षित रक्कम आधी कागदावर मालकाच्या हाताने लिहून घ्या आणि मग बिल काढा. बिल बघून रक्कम मान्य करायची नाही, क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही काउंटरवर हेच करा. तो कागद गल्ल्यात ठेवा, पुढच्या वर्षी भाव बदलला की त्याच्यावरूनच परत तपासता येतं.

राहिला परतीचा माल, आणि तो जुलैत येतोच. बारा वह्या 480 ला नेल्या, शाळेने सांगितलं चौकटी नकोत, म्हणून तीन परत आल्या. मूळ बिलाचा नंबर न टाकता नुसती परतीची नोंद केली तर सॉफ्टवेअरला तीन नग दिसतात, म्हणजे सुटा भाव, आणि ते 135 रुपये परत देतं. गिऱ्हाइकाला नऊ वह्या 345 ला पडल्या, नगाला साधारण 38 रुपये 33 पैसे, डझनाच्या भावापेक्षाही खाली. म्हणून परतीची नोंद मूळ बिलाला जोडूनच करायची हे सक्तीचं करा, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तसा पर्याय असतो. मग 40 ने 120 परत जातात. काही मालक म्हणतात, उरलेल्या नऊ 45 ने धरून 75 च द्यायचे. मला ते पटत नाही. बिलावर 40 छापलेले आहेत, परतीची नोंदही 40 नेच झाली तर वहीखाते, साठा आणि कर तिन्ही जागच्या जागी राहतात, आणि काउंटरवर वाद होत नाही. डझन घेऊन मुद्दाम परत करण्याची कोणाला सवय असेल तर पैशांऐवजी बदली वही द्या आणि ते बिलाच्या खाली आधीच छापा.